नाकाशेजारची बोटभर जागा

सर्दी उतरणीला लागलेली असते, ताप गेलेला असतो, खोकलाही मावळत आलेला असतो, आणि तरी पहाटे चार-साडेचारला जाग येते ती घसा कोरडा पडल्यामुळे. रात्रभर श्वास तोंडाने चाललेला असतो. ज्या कुशीवर झोपलो त्या बाजूची नाकपुडी ठार बंद. कूस बदलली की काही मिनिटांत ती उघडते आणि आता खाली आलेली दुसरी चोंदते. साठलेला शेंबूड इकडून तिकडे वाहत गेला, असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. पण दोन नाकपुड्यांच्या मधे पडदा असतो. शेंबूड त्यातून आरपार जाणार कसा? चोंदलेल्या नाकाला ॲक्युप्रेशरने, म्हणजे ठरावीक जागी बोटाने दाबून, किती आराम मिळतो ते सांगायचं आहे, पण आधी हे कोडं.

नाक चोंदतं ते पुष्कळदा कफापेक्षा रक्ताने. नाकपुडीच्या आत, बाहेरच्या भिंतीवर, एकाखाली एक अशा तीन मांसल घड्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. 'नाकातलं मांस वाढलंय' असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा त्यांच्याबद्दलच बोलत असतो. त्यांच्यात रक्तवाहिन्यांचं स्पंजासारखं जाळं असतं. त्यात रक्त भरलं की घडी फुगते आणि वाट अरुंद होते, रक्त ओसरलं की वाट उघडते. धडधाकट माणसातही दर काही तासांनी एका बाजूची घडी फुगते आणि दुसरीकडची उतरते. स्वरयोगात याच अदलाबदलीला चंद्रस्वर आणि सूर्यस्वर म्हणतात. कुशीवर झोपलं की त्या बाजूच्या काखेवर, बरगड्यांवर दाब पडतो, तो संदेश मज्जातंतूंतून वर जातो आणि विरुद्ध बाजूची नाकपुडी मोकळी होते. साधूंचा योगदंड, म्हणजे काखेत घेऊन बसायची ती छोटी कुबडी, याच कामाची. उजव्या काखेत दंड दाबला की थोड्या वेळाने डावा स्वर चालू होतो.

हे आधी सांगायचं कारण असं, की ॲक्युप्रेशरबद्दल बोलताना लोक दोन टोकांना जातात. एकाला वाटतं, बोटाने दाबून आतला कफ ढकलून बाहेर काढता येतो. दुसऱ्याला वाटतं, शरीरावर कुठेतरी दाबल्याने नाकाला काय फरक पडणार, सगळी थाप आहे. पहिल्याचं चुकतं, कारण मधे हाड आहे. दुसऱ्याचंही चुकतं. काखेतल्या दाबाने नाकपुडी बदलते, हे कुणीही आज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पाहू शकतो.

आता सायनस. नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे, आणि डोक्याच्या बरंच आत. यांपैकी गालातली सर्वांत मोठी, मोठ्या माणसात साधारण १५ मिलिलिटरची, म्हणजे औषधाच्या मोठ्या चमचाभर. तिची गंमत अशी, की तिचं तोंड तळाशी नसून वर, जवळजवळ छताशी आहे, आणि तेही काही मिलिमीटरचं. टाकी भरावी आणि तोटी वरच्या कडेला असावी, तशी ही रचना आहे. मग रोजचा पातळ स्राव बाहेर येतो कसा? आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा लवतात आणि स्रावाचा थर चढावर ढकलत ढकलत त्या तोंडापर्यंत नेतात. सर्दीत अस्तर सुजतं, तोंड मिटतं, स्राव घट्ट होतो, केस मंदावतात. गाल जड होतो, खाली वाकलं की ठणकतो, वरच्या दाढा दुखायला लागतात.

बोटाने ते तोंड उघडत नाही. एवढं एकदा नीट समजून घेतलं की बोटाने जे होतं त्याची किंमत कळते. चेहऱ्याची सगळी जाणीव मेंदूकडे नेणारी एक मोठी नस आहे, तिच्या तीन शाखा आहेत. सायनसचा ठणका त्याच नसेच्या फांद्यांमधून जातो. तिथेच सावकाश, खोल, स्थिर दाब दिला तर दुखण्याचा आवाज खाली येतो. ठेच लागल्यावर आपण अंगठा घट्ट धरून बसतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय दुखणाऱ्या माणसाच्या भुवया, जबडा, मान हे सगळं तासन्‌तास आवळलेलं असतं, ते सुटतं. आणि दहा मिनिटं माणूस गप्प बसून नाकाने हळू श्वास घेतो, हा फायदाही कमी नाही. छोट्या अभ्यासांत लोकांना बरं वाटल्याच्या नोंदी आहेत. आतली सूज उतरते याचा भक्कम पुरावा मात्र नाही. बामचंही असंच असतं. त्यातल्या पुदिन्याच्या अर्काने थंडाव्याच्या जाणिवेचे तंतू जागे होतात आणि वाट तेवढीच अरुंद असूनही नाक उघडल्यासारखं वाटतं. रात्री तीन वाजता तेवढ्यानेही माणसाला झोप लागते, म्हणून मी त्याला कमी लेखत नाही.

जुन्या चिनी वैद्यांनी ठरवलेले चेहऱ्यावरचे बिंदू कवटीच्या चित्रावर ठेवून पाहिले की मन थक्क होतं. भुवईच्या आतल्या टोकाशी जो बिंदू, तिथे डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेला हाडात खाच आहे आणि तिच्या आसपासून नस कपाळावर चढते. डोळ्याखाली, गालावर जो बिंदू, तिथे हाडात चक्क भोक आहे आणि त्यातून नस बाहेर पडून नाकाच्या बाजूला, वरच्या ओठाला, पापणीला जाते. तिच्याच फांद्या आत सायनसच्या भिंतीतून वरच्या दातांना गेलेल्या असतात, म्हणून गालातला सायनस भरला की दातांचा डॉक्टर आठवतो. यंत्रं नव्हती तेव्हा नुसत्या बोटांनी चाचपून या जागा सापडल्या. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम प्रशांत विभागाने ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाण म्हणून छापल्या, तेव्हा गालावरच्या या बिंदूची व्याख्याच 'त्या भोकाच्या ठिकाणी' अशी केली.

भुवईपासून सुरुवात करू. चिनी नाव झानझू, अर्थ बांबूंची मोळी. भुवईचे केस आतल्या टोकाशी मोळीसारखे एकत्र येतात म्हणून असावं. तर्जनीचं टोक नाकाच्या मुळाशी ठेवायचं आणि भुवईच्या हाडाच्या कडेवरून बाहेर सरकवत न्यायचं. भुवई जिथे सुरू होते तिथेच एक बारीक खाच लागते, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. बरोबर जागेवर बोट आलं की थोडं झिणझिणतं, कधी डोळ्यात पाणी येतं. ते होत नसेल तर दोन मिलिमीटर इकडे-तिकडे शोधायचं, जोर वाढवायचा नाही. जागा चुकली म्हणून जोर लावणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक, आणि तिने फक्त दुखतं.

इथे दाबाची दिशा जोरापेक्षा महत्त्वाची. दाब वर, कपाळाच्या हाडाकडे द्यायचा. मागे, डोळ्याकडे कधीच नाही. डोळ्याच्या बुबुळावर दाब पडला तर काहींच्या हृदयाचे ठोके मंदावतात, भोवळ येते. म्हणूनच डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला जो बिंदू तक्त्यांवर दाखवलेला असतो, तो घरी दाबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भुवईसाठी सोपी बैठक अशी: टेबलावर दोन्ही कोपरं टेकवायची, अंगठ्यांची टोकं खाचेखाली लावायची आणि डोकं हळूहळू अंगठ्यांवर सैल सोडायचं. हाताची ताकद लागत नाही, डोक्याचं वजनच दाब देतं. पण मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. सगळं वजन टाकायचं नाही, मानेने थोडं तोलून धरायचं. किती दाब म्हणजे योग्य, हे शिकायला स्वयंपाकघरातला वजनकाटा उत्तम. त्यावर बोट दाबून काटा अर्धा किलो दाखवेपर्यंत जा. चेहऱ्याला तेवढा पुरतो. हाताच्या बिंदूला दीड किलोपर्यंत चालतो. एकदा बोटाला सवय झाली की काटा लागत नाही.

वेळेचं म्हणाल तर श्वास सोडताना दाबायचं, पाच-सहा सेकंद धरायचं, श्वास घेताना सैल करायचं, पण बोट उचलायचं नाही. असं आठ-दहा वेळा, म्हणजे एका जागेला दीड मिनिट. बोट फिरवायचं तर इतकंच, की खालचं कातडं बोटाबरोबर हाडावर सरकेल. बोट कातड्यावरून घसरत असेल तर ते चोळणं झालं, त्याने कातडं लाल होतं आणि खाली काही पोचत नाही. तेल लावून केलं तर हेच होतं, म्हणून चेहरा कोरडा हवा. नखं कापलेली हवीत, हे सांगायला नको असं वाटतं, पण भुवईखाली अर्धचंद्राची खूण घेऊन फिरणारी माणसं दिसतात.

दोन भुवयांच्या मधला यिनतांग सोपा आहे. कुंकू लावायची जागा. मधल्या बोटाने सरळ दाबायचं, एक मिनिट. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मं सांगितली आहेत, त्यांत इथल्या मर्माला स्थपनी म्हटलंय. एक लक्षात ठेवायला हवं, सुश्रुताने मर्मं सांगितली ती कुठे इजा झाली तर काय होईल या हिशेबाने, दाबून बरं करण्यासाठी नाही. हल्ली मर्मचिकित्सा आणि ॲक्युप्रेशर एकच असल्यासारखं सांगतात. जागा कधी कधी एक येते, विचार वेगळा आहे.

मग गाल. सीबाय. समोर सरळ पाहायचं आणि बुबुळाच्या बरोबर खाली उतरायचं. खोबणीची हाडाची कड लागते, तिच्याखाली जवळजवळ एक सेंटिमीटरवर बोट अलगद खळग्यात बसतं. चीनमधल्या शाळांत १९६०च्या दशकापासून मुलांकडून डोळ्यांचे व्यायाम करून घेतात, त्यात ही जागा दाबायला शिकवतात, म्हणजे तिथलं प्रत्येक मूल ती डोळे मिटून शोधतं. इथे दाब सर्वांत हलका. सायनस खरोखर भरलेला असेल तर ही जागा आधीच हुळहुळी असते. नाक-कान-घशाचे डॉक्टर तपासताना इथेच बोट ठेवून 'दुखतं का?' विचारतात. दुखरेपणा असेल तर दाबायच्या ऐवजी तळहात नुसता ठेवायचा. गरम पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल पाच मिनिटं ठेवला तर त्याहून बरं. आपल्याकडे तव्यावर शेकलेली ओव्याची पुरचुंडी किंवा सुंठेचा कोमट लेप नेमक्या याच ठिकाणी लावतात, गालावर, नाकाच्या दांड्यावर, भुवयांवर. पुरचुंडी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. गालाचं कातडं पातळ असतं, पटकन भाजतं.

आणि शेवटी ती जागा, जिच्यामुळे ॲक्युप्रेशरवर लोकांचा विश्वास बसतो. नाकपुडीच्या पाकळीच्या मध्यावर, नाकापासून ओठाकडे उतरणाऱ्या घळीत. यिंगश्यांग. अर्थ 'सुवासाचं स्वागत'. तक्त्यावर एलआय २०, म्हणजे मोठ्या आतड्याच्या नावाच्या वाहिनीवरचा विसावा बिंदू. दोन्ही तर्जन्या इथे ठेवून दाबलं की पुष्कळांना तत्क्षणी श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, आणि तिथेच विक्रेते सांगतात, पाहा, सायनस उघडला!

उघडतं ते सायनस नाही. नाकाची सगळ्यांत अरुंद जागा बाहेरून आत शिरल्याबरोबर, पाकळीच्या वरच असते. तिला नाकाची झडप म्हणतात. गालाचं कातडं बाजूला ओढलं की झडप फाकते आणि हवा जास्त येते. गंमत म्हणून आत्ता करून पाहा: दोन बोटं नाकाशेजारी ठेवा, कातडं कानाच्या दिशेने अर्धा सेंटिमीटर ओढा, श्वास घ्या. मग सोडा. फरक लगेच कळतो आणि बोट काढल्याबरोबर जातो. डॉक्टर ही चाचणी मुद्दाम करतात. ज्याला बारा महिने एका बाजूने श्वास अपुरा येतो आणि कातडं ओढल्यावर छान येतो, त्याची अडचण झडपेत असू शकते. तो वर्षानुवर्षं सायनसची औषधं घेत बसलेला असतो.

तेव्हा यिंगश्यांग दाबायचा तर आत, हाडाकडे आणि किंचित वर दाबायचा. ओढायचं असेल तर वेगळं, जाणूनबुजून ओढायचं: ओढून धरून चार-पाच शांत श्वास घ्यायचे. ठार बंद नाकात तेवढी हवा आत गेली तरी माणूस धीर धरतो. याच घळीच्या वरच्या टोकाला, नाकाचं हाड संपून कूर्चा सुरू होते तिथे, बीतोंग नावाचा बिंदू आहे. नावाचा अर्थच 'नाक मोकळं'. चष्मा जिथे टेकतो त्याच्या थोडं खाली. तिथून यिंगश्यांगपर्यंत तर्जनीने वरून खाली, सावकाश, दहा वेळा निपटत यायचं. अपवाद म्हणून इथे बोट घसरलं तरी चालतं.

नाकाच्या आसपास पुटकुळी, फोड, केसतूड असेल तर मात्र या भागाला बोट लावायचं नाही. नाक आणि वरच्या ओठाच्या त्रिकोणातल्या शिरांचा आत मेंदूजवळच्या शिरांशी संबंध असतो. पू दाबला तर संसर्ग तिकडे जाऊ शकतो. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेतणारं असतं.

हात आणि मान यांचं थोडक्यात. हातावरचा हेगू अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे, एवढं सगळ्यांना माहीत असतं, आणि बहुतेक जण दोघांमधलं मऊ कातडं चिमटीत धरून पिळतात. बिंदू कातड्यात नाही, तर्जनीच्या तळव्यातल्या हाडाच्या मध्यावर, अंगठ्याकडच्या कडेला आहे. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्या हाडाच्या खाली घुसल्यासारखं, हाडाकडे दाबायचं. जड, पसरणारी कळ आली की जागा सापडली. चिनी कल्पनेप्रमाणे ही वाहिनी तर्जनीच्या टोकापासून निघून वरच्या ओठावर बाजू बदलून विरुद्ध नाकपुडीशी संपते, म्हणून डावं नाक बंद तर उजवा हात. गरोदर बाईने हेगू दाबू नये असा परंपरेचा दंडक आहे. धोका किती यावर वाद घालत बसण्यापेक्षा तो पाळणं सोपं. मानेत कवटीच्या खालच्या कडेला, दोन जाड स्नायूंच्या मधल्या खळग्यांत फेंगची, 'वाऱ्याचा डोह'. अंगठे तिथे रोवून डोकं मागे टेकायचं. नाकापेक्षा डोक्याच्या जडपणाला याचा उपयोग जास्त. मानेच्या पुढच्या बाजूला, नाडी लागते तिथे, कधीही दाबायचं नाही.

आपल्याकडे जत्रेत, प्रदर्शनात जे लाकडी रूळ आणि काटेरी चक्र्या मिळतात, त्यांच्याबरोबरच्या कागदावर सायनसचे बिंदू हातापायांच्या बोटांच्या टोकांवर दाखवलेले असतात. हे चिनी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या विल्यम फिट्झजेराल्ड या डॉक्टराने शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून दाबाची पद्धत काढली, १९१७ साली तिच्यावर पुस्तक निघालं, आणि पुढे त्यातून तळपायाचे नकाशे आले. गृहस्थ स्वतः नाक-कान-घशाचे डॉक्टर होते. दोन्ही पद्धती आपल्याकडे ॲक्युप्रेशर या एकाच नावाखाली मिसळल्या. बोटांची टोकं दाबून कुणाला बरं वाटत असेल तर दाबू द्यावी, पण नाकासाठी मी वेळ घालवीन तो चेहऱ्यावर.

क्रमाला महत्त्व आहे, कारण सुटं सुटं दाबून मिळतं त्यापेक्षा रांगेत केल्याने जास्त मिळतं. आधी कपभर गरम पाणी किंवा पातळ सार. मग नाक शिंकरायचं, एका वेळी एकच नाकपुडी, दुसरी बोटाने मिटून, हळू. दोन्ही बाजू मिटून जोर केला की घाण उलटी सायनसमध्ये आणि कानाकडे जाते. मग मान, हात, भुवई, भुवयांच्या मधे, गाल, आणि शेवटी नाकाशेजारी, एकूण दहा मिनिटं, बसून. आडवं पडून केलं तर टर्बिनेटमध्ये रक्त भरतं आणि केलेलं वाया जातं.

भुवया आणि नाकाशेजारी दाबताना ओठ मिटून गुणगुणायचं, भ्रामरीसारखं. हे मी आग्रहाने सांगते, कारण सगळ्या क्रमात सायनसच्या आतपर्यंत पोचणारी गोष्ट एवढीच आहे. सायनसच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. स्वीडनमध्ये कारोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००२ साली मोजलं, तेव्हा शांत श्वास सोडताना नाकातून जेवढा तो बाहेर येतो, त्याच्या पंधरा पट गुणगुणताना आला. आवाजाच्या कंपनाने सायनसमधली हवा त्या बारीक तोंडातून आत-बाहेर होते. खालचा, जाड सूर लावायचा, बोटाखाली हाड थरथरलेलं कळलं पाहिजे. एका श्वासात जेवढं होईल तेवढं, पाच-सहा वेळा. सायनसचं तोंड पूर्ण मिटलेलं असेल तर कंपन पोचत नाही, म्हणून ज्याचा सायनस गच्च आहे त्याला पहिल्या दिवशी काहीच वाटणार नाही.

मग मिठाच्या पाण्याने नाक धुणं. लिटरभर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दीड सपाट चमचे, आणि चिमूट खायचा सोडा. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं, पोहताना पाणी गेल्यासारखं. पाणी नळाचं नको, फिल्टरचंही नको. खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर उकळून कोमट केलेलंच हवं. नळाच्या पाण्यातला एक अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर मेंदूत पोचतो. अमेरिकेत लुइझियानामध्ये २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करून दोघांचा जीव गेला. दाबल्यानंतर लगेच धुतलं तर पाणी जास्त सहज दुसऱ्या बाजूने उतरतं. पाणी उतरतच नसेल तर भांडं तिरपं करून जबरदस्ती करायची नाही.

नाक उघडायचे थेंब या सगळ्यांपेक्षा झटपट, दोन मिनिटांत काम करतात. पण झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे टर्बिनेट थेंबांशिवाय उतरतच नाहीत आणि माणूस खिशात बाटली घेऊन फिरायला लागतो. ती सवय सोडवताना पहिल्या आठवड्यात रात्री फार वाईट जातात, आणि तिथे मिठाचं पाणी आणि ही दहा मिनिटं यांचा आधार मोलाचा ठरतो.

एवढं करूनही ज्याचं 'सायनसचं डोकं' महिन्यातून चारदा दुखतं, त्याने दुखण्याचं नावच तपासावं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं मानणाऱ्या २९९१ जणांना तपासलं, तर ८८ टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीची निघाली. अर्धशिशीतही नाक वाहतं, डोळ्यात पाणी येतं, गाल जड होतो, कारण नस तीच. उजेड सहन होत नाही, मळमळतं, दुखणं ठोके पडल्यासारखं एका बाजूला येतं, नाकातून पिवळंहिरवं काही येत नाही: असं असेल तर भुवईचा बिंदू तात्पुरता आराम देईल आणि खरं औषध लांबत जाईल. ॲलर्जीचंही तेच. पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नोंदलेलं गाजर गवत आता महाराष्ट्रभर माजलंय. त्याच्या फुलोऱ्याच्या दिवसांत ज्याला रोज सकाळी वीस शिंका येतात त्याला बोटांपेक्षा मास्क, नाकाचा स्टेरॉइड फवारा आणि घराभोवतीचं गवत उपटणं यांची गरज आहे. उपटताना हातमोजे घालावे.

लहान मुलांचं वेगळं. चार वर्षांच्या मुलाच्या कपाळातला सायनस धड तयारच झालेला नसतो, भुवया दाबून काय मिळणार. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आधी आत मणी, वाटाणा, खोडरबराचा तुकडा अडकलाय का हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. मोठ्यांत एकाच बाजूने तसा वास येत असेल तर वरची दाढ तपासावी.

सर्दी दहा दिवसांनंतरही हटत नाही, किंवा उतरून पुन्हा तापासह उसळते, तर डॉक्टर. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान ताठ होणं, असह्य डोकेदुखी, यांत त्याच दिवशी, त्याच तासाला. मधुमेह असलेल्यांसाठी आणखी एक खूण आहे आणि ती या लेखातल्या बोटालाच कळणारी आहे. सीबायवर बोट ठेवल्यावर ती जागा दुखते, हे ठीक. बोट ठेवलेलं कळतच नाही, गाल बधिर वाटतो, तर ती नस मरत चालली असू शकते. २०२१च्या उन्हाळ्यात करोनानंतर आलेल्या काळ्या बुरशीत महाराष्ट्रातल्या कितीतरी रुग्णांची सुरुवात अशीच झाली: गाल बधिर, नाकातून काळसर स्राव, हलणारा दात. दोन्ही गालांवर कापसाचा बोळा फिरवून दोन्हीकडे सारखंच कळतंय का, हे पाहायला दहा सेकंद पुरतात.

रोज दोन वेळा हे सगळं करायचं, सकाळी तोंड धुतल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, आणि शेवटी एक नाकपुडी मिटून दुसरीखाली डब्यातली हिंगाची खडी किंवा सोललेला वेलदोडा धरायचा. मग बाजू बदलायची. सुश्रुताने नाकाच्या दोन्ही बाजूंना आतल्या अंगाला फणा नावाची मर्मं सांगितली आणि तिथे इजा झाली तर गंध कळत नाही असं लिहिलं. चिनी वैद्यांनी जवळपास त्याच जागी बाहेरून बोट ठेवून तिला सुवासाचं स्वागत म्हटलं. कुठल्या दिवशी कुठल्या बाजूला वास किती आला, हे दिनदर्शिकेवर डावं-उजवं असं लिहून ठेवायचं. सर्दीनंतर वास परतायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तेवढे द्यावे. त्यानंतरही एखादी बाजू कोरीच राहिली, तर दिनदर्शिकेचं तेच पान घेऊन नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जावं, कारण आत कोंब, म्हणजे पॉलिप, वाढलाय की नाही हे दुर्बीण घातल्याशिवाय कळत नाही.